टॅब येते, पाच ओळींचं नोटेशन येत नाही. आता शिकावं का?

घट्टेवाला

सहा वर्षं गिटार वाजवतोय आणि सगळं टॅबवर (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत सांगणाऱ्या लिखाणावर) शिकलोय. बोटांना घट्टे आहेत (नाव उगाच घेतलेलं नाही), बार कॉर्ड स्वच्छ लागतात, फिंगरस्टाइलच्या (बोटांनी तारा छेडत वाजवायच्या) दहा-बारा रचना पाठ आहेत. तोंडपाठ नव्हे, हातपाठ. मधूनच सुरू करा म्हणाल तर जमणार नाही, पहिल्यापासून वाजवत यावं लागतं.

गेल्या महिन्यात चौघांनी मिळून वाजवायचं ठरलं. एक व्हायोलिन, एक कीबोर्ड, एक बासरी आणि मी. व्हायोलिनवालीने प्रत्येकापुढे एकेक कागद ठेवला. पाच ओळी आणि त्यावर टिपके. बाकीच्यांनी वाजवायला सुरुवातही केली आणि मी "खालची ओळ ई, मग जी, मग बी..." असं मोजत बसलो. तिसऱ्या टिपक्यापर्यंत पोचलो तेव्हा ते पानाच्या तळाशी होते. मी हळूच विचारलं, याची टॅब आहे का? ती म्हणाली, "टॅब म्हणजे काय?" झाला पोपट.

घरी आणून चार संध्याकाळी खर्च केल्या आणि पहिल्या दोन ओळी बसवल्या. पुढच्या वेळी अभिमानाने वाजवून दाखवल्या. तर म्हणे, सूर बरोबर आहेत पण एक सप्तक खाली का वाजवतोयस? अहो, कागदावर जे होतं तेच वाजवलं!

तर प्रश्न दोन. हे सप्तकाचं काय गौडबंगाल आहे? आणि सहा वर्षांनंतर स्टाफ नोटेशन (म्हणजे ते पाच ओळींचं) शिकण्यात खरंच अर्थ आहे, की कोणाकडून तरी टॅब करून घ्यावी आणि गप वाजवावं?

ठोक_कॉर्ड

गप वाजवावं.

गिटार हे टॅबचंच वाद्य आहे. सहा तारा, सहा ओळी, आकडा दिसला की त्या फ्रेटवर (दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या घरात) बोट. नवशिक्याला पहिल्या दिवशी काहीतरी वाजवता येतं, यापेक्षा आणखी काय पाहिजे? स्टाफवाले वर्षभर 'हा टिपका कोणता' करत बसतात. मी चौदा वर्षं इलेक्ट्रिक वाजवतोय, आजवर कोणी माझ्यापुढे पाच ओळी ठेवल्या नाहीत.

दीड_शहाणा

टॅब म्हणजे इंटरनेटच्या जमान्यातला शॉर्टकट आहे. ज्यांना कष्ट नकोत त्यांनी शोधून काढलेला. खरं संगीत लिहायची पद्धत एकच.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सहावी_तार

दीड_शहाणा, तुमचं विधान चारशे-पाचशे वर्षांनी चुकलंय. :)

१५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने ल्यूटचं (गिटारसारख्या जुन्या तंतुवाद्याचं) संगीत छापलं, ते टॅबमध्ये. १५३६ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात लुईस मिलानचं विहुएलाचं पुस्तक आलं, तेही टॅबमध्ये. (विहुएला म्हणजे दिसायला गिटारची थोरली बहीण.) फ्रेंच लोक आकड्यांऐवजी अक्षरं लिहायचे, खुल्या तारेला 'ए', पहिल्या फ्रेटला 'बी'. इटालियन टॅब तर आजच्या हिशेबाने उलटी असायची, सगळ्यात खालची ओळ म्हणजे सगळ्यात उंच सुराची तार. गंमत म्हणजे मिलानची टॅब आपल्यासारखी, उंच तार वर. गिटारवाले पाच ओळींकडे वळले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आपल्या कुळाचा विचार केला तर टॅब हा वाडवडिलांचा वाडा आहे आणि स्टाफ हे नंतर घेतलेलं घर.

आता महत्त्वाची मेख. त्या जुन्या टॅबमध्ये ओळींच्या डोक्यावर काठ्या आणि झेंडे असायचे, आजच्या नोटेशनमधल्या शेपट्यांसारखे. कुठला ठोका किती लांब, ते त्यावरून कळायचं. 'टॅबमध्ये ताल कळत नाही' ही तक्रार आपण सगळेच करतो, पण तो टॅबचा जन्मजात दोष नाही. १९९० च्या दशकात लोक साध्या टाइप केलेल्या अक्षरांत टॅब एकमेकांना पाठवू लागले. संगणकाच्या कीबोर्डवर आडव्या रेघा आणि आकडे होते, झेंडे नव्हते. तेव्हा ताल गळला तो गळलाच. आजही नीट छापलेल्या टॅबमध्ये आकड्यांना काठ्या असतात, किंवा वर स्टाफ आणि खाली टॅब अशी जोडी असते.

घट्टेवाला, तुमच्या सप्तकाबद्दल. तुम्ही चुकला नाहीत, तो कागद तुमच्यासाठी नव्हता. गिटारचं नोटेशन प्रत्यक्षात वाजतं त्याच्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. कारण साधं आहे. आपली सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. ती जिथल्या तिथे लिहायची तर पियानोसारख्या दोन पट्ट्या लागतील, एक ट्रेबल क्लेफची आणि एक बेसची (क्लेफ म्हणजे ओळींच्या सुरुवातीची खूण, कुठल्या ओळीवर कुठला सूर ते सांगणारी). त्याऐवजी सगळं एक सप्तक वर ढकललं की एका ट्रेबल क्लेफमध्ये काम भागतं. तरीसुद्धा सहावी खुली तार तीन जादा ओळींच्या खाली लोंबकळते. नेटकी छपाई असेल तर क्लेफच्या पायाशी बारीक ८ असतो, बऱ्याचदा तो गाळतात, कारण गिटारवाल्यांना हे ठाऊक असतं असं गृहीत धरलेलं.

तुमच्यापुढे व्हायोलिनची प्रत ठेवली असणार. व्हायोलिन लिहिलं तसंच वाजतं. वरून पहिल्या घरातला ई दिसला की तिची खुली ई तार वाजते, ६५९ हर्ट्झ. तोच टिपका गिटारच्या सवयीने वाचला की आपली पहिली तार खुली, ३३० हर्ट्झ. बरोब्बर निम्मं. तिच्या सुरात मिसळायचं तर पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटवर जा.

घट्टेवाला

दंडवत घ्या! म्हणजे मी निर्दोष. उद्याच जाऊन सांगतो.

दीड_शहाणा

शब्द मागे घेतो. ल्यूटचं माहीत नव्हतं.

अर्धमात्रा

मी व्हायोलिन वाजवते (घट्टेवाल्यांच्या कंपूतली ती मी नव्हे!). माझ्या बाजूने सांगते की 'टॅब आहे का' हा प्रश्न आम्हाला इतका विचित्र का वाटतो.

समजा तुम्ही तालमीत म्हणालात, "तिसऱ्या ओळीत सातवा फ्रेट वाजतो ना, तिथे जरा थांब." माझ्याकडे फ्रेटच नाहीत. बासरीवाल्याकडे तारच नाही. तुम्ही "तिथला एफ शार्प" म्हणालात की चौघांनाही कळतं. टॅब हे वाद्याला दिलेलं उत्तर आहे. त्या एका वाद्याला, त्या एका ट्यूनिंगमध्ये लावलेल्या तारांना. बाकीच्यांसाठी ते आकडे म्हणजे कुलपाचा नंबर.

दुसरं, स्टाफवर चढ-उतार डोळ्यांना दिसतो. टिपके वर गेले की सूर वर गेला. अनोळखी पान आलं तरी लांबून बघून कळतं की इथे हळूहळू चढतंय, इथे उडी आहे, इथे तोच नमुना एक पायरी खाली आलाय. तुमच्या टॅबमध्ये तिसऱ्या तारेवर ५ आणि मग पहिल्या तारेवर ० आला तर आकडा उतरला पण सूर चढला ना?

ठोक_कॉर्ड

चढला. पण बघताक्षणी हाताला कळतं की कुठे जायचंय. मी कागद डोळ्यांनी ऐकत नाही, हाताने वाचतो.

आणि आता उलट प्रश्न. तुमच्या पाच ओळींत बेंड कसा लिहिणार? तार अर्धा सूर ताणली, थोडी थरथरवली, अर्धवट सोडली. टॅबमध्ये एक बाण आणि शेजारी किती ताणायचं ते. पाम म्यूट, टॅपिंग, स्लाइड, सगळ्याला खुणा आहेत. हार्मोनिक घ्या. बाराव्या, सातव्या, पाचव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करायचा. टॅबमध्ये आकडा आणि खूण, विषय संपला. स्टाफमध्ये एकजण वाजणारा सूर लिहितो, दुसरा बोट कुठे ठेवायचं तो सूर लिहितो, आणि आपण बसायचं ओळखत.

अजून एक. सहावी तार डीपर्यंत उतरवली (ड्रॉप डी) किंवा सगळ्या ताराच वेगळ्या लावल्या, तर पाच ओळी वाचणाऱ्याच्या डोक्यातला नकाशा कोलमडतो. रोजचा जी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असतो तो आता पाचव्यावर. टॅबवाल्याला काय फरक? वर लिहिलंय तशा तारा लावल्या, आकडे तेच सांगतात.

सहावी_तार

ठोक_कॉर्डच्या या प्रतिसादाला +१. बदललेल्या ट्यूनिंगच्या बाबतीत टॅब निर्विवाद सरस. मी स्वतः स्टाफवर वाढलोय, पण अनोळखी ट्यूनिंग आलं की टॅब शोधतो. लाज कसली!

घट्टेवाला

मला अजूनही एक कळत नाहीये. स्टाफवर एक टिपका दिसला, तो ई आहे हेही कळलं. पण गिटारवर तो ई कुठे वाजवायचा? कीबोर्डवाल्याला एकच पट्टी. मला किती जागा?

सहावी_तार

पहिल्या खुल्या तारेचा जो ई आहे तोच सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या, पाचवीच्या एकोणिसाव्या. चोवीस फ्रेटची गिटार असेल तर सहावीच्या चोविसाव्यावरही. सहा जागा! म्हणूनच गिटारवर पाच ओळी वाचणं अवघड म्हणतात. टिपका ओळखणं ही अडचण नाहीच, ते महिन्याभरात येतं. ओळखल्यावर सहातली कोणती जागा, हा निर्णय वाजवता वाजवता घ्यायचा असतो.

उदाहरण देतो. सी, डी, ई, एफ, जी हे पाच सूर सरळ चढत. स्टाफवर ते एकाच प्रकारे लिहिले जातात: मधल्या ओळीच्या वरच्या घरात सी, तिथून एकेक पायरी वर, जी सगळ्यात वरच्या ओळीच्या डोक्यावर. टॅबमध्ये मात्र (डावीकडचा आकडा तारेचा):

```
१ |-----------०---१---३---|
२ |---१---३---------------|
३ |-----------------------|
```

किंवा

```
१ |-----------------------|
२ |-----------५---६---८---|
३ |---५---७---------------|
```

सूर तेच. पहिल्यात खुली तार वाजते, आवाज टणटणीत. दुसऱ्यात सगळं दाबलेलं, आवाज जाड आणि गोड, शिवाय ई थरथरवता येतो, जो खुल्या तारेवर येत नाही. टॅब हा निर्णय तुमच्या वतीने घेऊन टाकते, स्टाफ तुमच्यावर सोडतो.

दीड_शहाणा

मोबाइलवर तुमची टॅब पार विस्कटलेली दिसतेय. १ चा आकडा भलत्याच ठिकाणी.

सहावी_तार

दुरुस्त केलं, आता बघा. प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देणारा फॉन्ट नसला की असं होतं. दोन सूर एकदम वाजवायचे की एकापाठोपाठ, ते फक्त उभ्या रांगेवर ठरतं आणि रांग सरकली की अर्थ सरकला. टाइप केलेल्या टॅबचा हा आणखी एक नाजूकपणा.

अर्धमात्रा

अहो, पण व्हायोलिनवरही एकच सूर दोन-तीन तारांवर मिळतो! आम्ही काय टॅब मागतो? टिपक्यावर बोटाचा आकडा लिहितात, तार सांगायची असेल तर तार लिहितात. 'गिटारवर सहा जागा आहेत म्हणून जमत नाही' ही थोडी पळवाट वाटते मला.

सहावी_तार

अर्धमात्राताई, अर्धं मान्य. खरं तर गिटारच्या स्टाफमध्येही तेच करतात. वर्तुळातला आकडा म्हणजे तार, साधा १ ते ४ म्हणजे डाव्या हाताचं बोट, रोमन पाच म्हणजे पाचव्या फ्रेटची जागा. माझ्याकडच्या काही पानांवर या खुणा इतक्या दाटल्यात की ती अर्धी टॅबच झालीय. तिकडे टॅबवाले आकड्यांना काठ्या लावून अर्धा स्टाफ करतात. दोघं एकमेकांच्या अंगणात येऊन बसलेत.

फरक इतकाच की तुम्ही बहुतेक वेळा एका वेळी एक सूर वाजवता. आम्हाला चार-चार सूर एकदम धरायचे असतात आणि एकाची जागा बदलली की बाकी तिघांनाही हलावं लागतं. त्यामुळे पळवाट आहे, पण चोरवाट नाही.

कोमल_निषाद

अवांतर: सरगम लिहितो तेव्हा आपण तिसरीच गोष्ट लिहितो. 'ग' म्हटलं की तो 'सा'पासून किती दूर आहे ते कळतं. सा कुठल्या पट्टीत धरायचा ते तुम्ही ठरवा, बोट कुठे ठेवायचं तेही तुम्हीच ठरवा. गाणाऱ्याला तेवढं पुरतं. मी टॅबवर वाजवताना मनात सरगम म्हणतो, त्याने आकड्यांना सूर चिकटतात.

घट्टेवाला

हे चांगलं आहे, करून बघतो.

जागांच्या विषयावरून एक जुनं दुखणं आठवलं. दोन वर्षांपूर्वी नेटवरून एक फिंगरस्टाइल टॅब उतरवली होती. त्यात एका ठिकाणी सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या तारेचा आठवा. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत ताण! करंगळी तिथे पोचायची, पण पोचेपर्यंत खालचं बोट सुटायचं आणि खर्जातला सूर मरायचा. दोन महिने रोज तेवढाच तुकडा घासला. आपला पंजाच लहान, गिटार आपल्यासाठी नाही, इथपर्यंत विचार गेले.

आज सहावी_तार यांचा प्रतिसाद वाचून कागद-पेन घेतलं. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी. दुसऱ्या तारेचा आठवा? बी, सी... मोजत गेलो. तोही जी. आणि तो जी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरही आहे. म्हणजे दोन्ही बोटं तिसऱ्याच फ्रेटवर! अहो, तो साधा जी कॉर्ड होता, जो मी पहिल्या आठवड्यात शिकलो होतो! दोन महिने!!

ठोक_कॉर्ड

हाहाहा. सॉरी. पण हाहाहा.

माझंही एक कबूल करून टाकतो. नेटवरच्या टॅब ऐकून ऐकून कोणीतरी बसवलेल्या असतात. सूर बरोबर असतो, जागा लिहिणाऱ्याच्या सोयीची. मूळ वादक कुठे वाजवतो ते व्हिडिओत हात बघितल्याशिवाय मानायचं नाही, हा माझा नियम.

सहावी_तार

घट्टेवाला, तुमच्या किश्श्यातच या धाग्याचा सगळ्यात अवघड मुद्दा दडलाय. तो खर्जातला जी मरायचा, म्हणून तुम्हाला काहीतरी बिघडतंय हे कळलं. पण तो किती वेळ जगायला हवा, हे टॅबने सांगितलं होतं का?

समजा चार मात्रांचा एक तुकडा आहे. अंगठ्याने पाचवी तार खुली छेडली आणि वर पहिल्या तारेवर चार सूर, प्रत्येकी एक मात्रा:

```
१ |---०---१---३---१---|
२ |-------------------|
३ |-------------------|
४ |-------------------|
५ |---०---------------|
```

पाचव्या तारेवरचा तो शून्य एक मात्रा वाजून थांबायचा, की चारही मात्रा घुमत राहायचा? इथे दिसत नाही. काठ्यांची टॅब असली तरी दिसत नाही, कारण डोक्यावरची काठी पुढचा ठोका कधी एवढंच सांगते. ल्यूटवाल्यांचीही हीच पंचाईत होती. कुठला सूर धरून ठेवायचा, ते वादकाने कानाने ठरवायचं.

स्टाफमध्ये हाच तुकडा दोन आवाजांत लिहितात. वरच्या चार टिपक्यांच्या काठ्या वर. खाली खर्जाचा एक पोकळ, बिनकाठीचा गोळा, म्हणजे चार मात्रा. बघताक्षणी कळतं की दोन माणसं गातायत. एक चालतोय, दुसरा उभा आहे. एकट्या गिटारवर दोन-तीन आवाज चालवायचे असतील तर हे कळणं म्हणजे सगळं काही. खुली तार आपोआप घुमते म्हणून निभावतं, पण तिथे दाबलेला सूर असता तर बोट कधी उचलायचं हाच प्रश्न. टॅबवर वाढलेल्यांचं फिंगरस्टाइल पुष्कळदा तुटक ऐकू येतं. पुढच्या आकड्याकडे धावताना मागचं बोट उचललं जातं. हाताचा दोष नसतो तो. 'धरून ठेव' असं कागदाने कधी सांगितलेलंच नसतं.

स्टाफ शिकावा की नाही, याला माझं उत्तर या एका कारणासाठी 'हो' असं आहे. इतरांबरोबर वाजवायचं हे दुसरं कारण. एकट्याने गाण्यांना साथ करायची असेल आणि रिफ वाजवायचे असतील तर ठोक_कॉर्ड म्हणतात तेच बरोबर, काही अडत नाही.

घट्टेवाला

पटलं. मग सुरुवात कशी करू? रोज अर्धा तास देऊ शकतो.

सहावी_तार

पहिला आठवडा गिटारच्या सुरांना हात लावू नका. कुठलंही सोपं पान घ्या आणि फक्त ताल टाळीने वाजवा. पायाने मात्रा धरायची, तोंडाने 'एक-आणि-दोन-आणि', हाताने टाळी. टॅबवाल्यांना टिपक्यांपेक्षा हेच जड जातं, कारण आजवर ताल गाणं ऐकून उचललेला असतो, कागदावरून वाचलेला नसतो.

मग खुल्या तारांचे सहा टिपके ओळखा. सहावी तीन जादा ओळींच्या खाली, पाचवी दुसऱ्या जादा ओळीवर, चौथी पाच ओळींच्या अगदी खाली चिकटलेली, तिसरी खालून दुसऱ्या ओळीवर, दुसरी बरोबर मधल्या ओळीवर, पहिली वरून पहिल्या घरात. हे सहा खांब रोवले की मधल्या जागा आपोआप भरतात. चौथ्या फ्रेटच्या पुढे इतक्यात जायचं नाही, म्हणजे 'सहातली कोणती जागा' हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

रोज नवं पान, अगदी सोपं. वाटलं तर लहान मुलांचं. एकदाच वाजवायचं, हळू, पण थांबायचं नाही. चुकलं तर चुकलं. तेच पान चार वेळा वाजवलंत तर ते पाठ होईल, आणि पाठ करण्यात तुम्ही आधीच पटाईत आहात.

टिपक्याखाली पेन्सिलने फ्रेटचा आकडा लिहायचा नाही. एकदा लिहिला की डोळा फक्त आकडाच बघतो.

दीड_शहाणा

गिटार प्रो किंवा म्यूझस्कोरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ आणि टॅब वर-खाली दिसतात. शिकायला ते बरं ना?

सहावी_तार

तपासायला उत्तम, शिकायला घातक. डोळा पायवाटेने पळतो. टॅबची ओळ लपवून वाजवा आणि अडलात तरच उघडा.

उलट दिशेचा उपयोग मात्र जरूर करा. तुम्हाला पाठ असलेली एखादी टॅब स्वतः स्टाफवर उतरवा. सूर तुम्हाला माहीतच आहेत, त्यामुळे सगळं डोकं लांबी-रुंदीत घालता येतं. पहिल्या चार मात्रांना तासभर लागेल, चिडू नका.

अर्धमात्रा

आणि तुमच्या व्हायोलिनवालीला सांगा की गिटारची प्रत वेगळी काढ. बारा-बारा फ्रेट वर चढून वाजवायची शिक्षा कशाला? मधले सूर तुम्ही सांभाळा, उंच सूर तिला गाऊ दे.

घट्टेवाला

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

टाळीचा आठवडा अपमानास्पद होता. एका मात्रेचे दोन भाग, ठीक. पण दीड मात्रेचा टिपका आणि मागोमाग अर्ध्याचा आला की टाळी हमखास घाईत पडायची. हाच नमुना माझ्या पाठ असलेल्या एका रचनेत आहे आणि तो मी दोन वर्षं चुकीचा वाजवत होतो, हे तेव्हा कळलं. टॅबमध्ये आकडे सारख्या अंतरावर होते, म्हणून मीही सारख्या अंतरावर वाजवायचो. घरच्यांना तसाच आवडायचा, हा भाग वेगळा.

आता पहिल्या चार फ्रेटमधलं सोपं पान हळूहळू वाचता येतं. शार्प-फ्लॅट जास्त आले की दांडी उडते. एक रचना स्टाफवर उतरवली, दोन रविवार गेले. खर्जाचे सूर किती लांब लिहायचे याचा विचार करताना पहिल्यांदा ते नीट ऐकले. आता ती रचना वाजवताना डाव्या हाताचं बोट उचलण्याआधी क्षणभर थांबतं.

गिटारची वेगळी प्रतही मिळाली. काल तालमीत पहिल्यांदा पहिल्या टिपक्यापासून सगळ्यांबरोबर होतो. पान संपत आलं, ऊर भरून आला, आणि अचानक बाकीचे तिघे कुठेतरी पानाच्या मध्यावर उडी मारून गेले. मी एकटा सरळ शेवटपर्यंत वाजवत गेलो. कागदावर 'डी. एस. अल कोडा' असं काहीतरी लिहिलंय. मला वाटलं रचनाकाराची सही असेल.

ठोक_कॉर्ड

भावा, हे तर छापील टॅबमध्येही असतं! वाकड्या एससारखी, मधून तिरकी रेघ मारलेली खूण आहे बघ, तिथे परत जायचं. मग 'टू कोडा' लिहिलेलं दिसेपर्यंत वाजवायचं आणि तिथून शेवटच्या तुकड्यावर उडी.

घट्टेवाला

सापडली. दुसऱ्या ओळीत आहे. इतके दिवस मला तो छपाईचा डाग वाटत होता.